सरांची टकटक

वर्ध्याच्या कॉलेजात फिल्म शिकत होते, तेव्हा आमच्या सरांनी माझी स्क्रिप्ट वर्गासमोर वाचून दाखवली, तीही माझ्या वऱ्हाडी बोलीची नक्कल करत. "'मले सोडून दे' म्हणणाऱ्या बाईसाठी कोण घाबरेल?" असं म्हणाले आणि वर्ग खो खो हसला. सेलूला घरी पोचेपर्यंत मी एसटीत दात आवळून बसले होते.

पुढच्या महिन्यात प्रत्येकानं थ्रिलरची दोन मिनिटांची सुरुवात करायची होती. सरांनीच शिकवलं होतं, की खलनायकाचा चेहरा आधी दाखवायचा नाही. नुसत्या हातांनी, आवाजांनी भीती उभी करायची. मी तेच केलं. काकांच्या कापसाच्या गोदामात वर्गमित्राला टेबलाशी बसवलं आणि बोटातल्या अंगठीनं तीनदा टकटक करायला सांगितलं. कुणाचा पाणउतारा करण्याआधी सर अगदी तसंच करत.

"सर ओळखतीन ना!" तो घाबरला.

"ओळखूच दे त्याले. तू वाजवजो."

वर्गात फिल्म लागली. पडद्यावर टकटक झाली तशी मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळ्या माना सरांकडे वळल्या. त्यांचे कान लाल झाले. "नियम बरोबर वापरलेत," एवढंच बोलून ते बाहेर गेले. मार्कही पूर्ण दिले, कारण चूक काढायला जागाच नव्हती.

"आता माफी मागून टाक," मित्र म्हणाला.

मी मागितली नाही. तो दिवस आठवला की आजही मला बरं वाटतं, आणि त्याची लाजही वाटत नाही.