शिवणाच्या खोलीतलं नाटक

तिसरीला नाटक शिकवणाऱ्या बाई कधी मोठ्याने बोलल्याच नाहीत. शाळेत येण्याआधी अकरा वर्षं त्या एका नाटक कंपनीत पडद्याआड उभ्या राहून नटांना विसरलेली वाक्यं पुरवत असत. त्यामुळे त्यांची कुजबुजच अशी, की मागच्या बाकावर पेंगणारा दचकून जागा होई आणि शेजारच्या वर्गाला मात्र पत्ता लागत नसे. पोरांना शाळेतल्या झाडून सगळ्या बाईंची नक्कल जमायची. यांची करायला गेलं की घसा बसायचा.

तास शुक्रवारचा, शेवटचा, शिवणाच्या खोलीत. मशीनं भिंतीला सरकवायची, खडूने जमिनीवर चौकोन काढायचा, की झाला रंगमंच. "चौकोनात पाय ठेवण्याआधी तीन गोष्टी ठरवा," बाई कुजबुजत. "मी कोण, मी कुठे, मला काय हवंय. चौथी दारातून येते."

चौथी म्हणजे अडथळा. खेळ रंगात आला की बाई कुणाला तरी आत धाडत. कधी बादली घेऊन शिपाईमामा, कधी कात्री शोधत शिवणाच्या बाई. दारातून येईल तो नाटकातलाच, हा नियम. एकदा खराखुरा रंगारी खिडक्यांचं माप घ्यायला आला, तर पोरांनी त्याला राज्यातून हद्दपार केलं. बिचारा शिडी टाकून गेला! ते दिवस आठवले की बाई आजही एकट्याच हसतात.

त्या शुक्रवारी दाताचा दवाखाना चालला होता. डॉक्टर होती पिपाणी. वर्गात सगळ्यात बारीक आवाज आणि सगळ्यात जास्त बडबड तिचीच, म्हणून हे नाव. पेशंट खुर्ची घट्ट धरून बसलेला. तेवढ्यात दारात हेडसर उभे, हातात कागद.

कागद कशाचा, ते बाईंनी पाहताक्षणी ओळखलं. नाटकाचा तास जाणार, तिथे गणित येणार, असं महिनाभर कानावर येत होतं. आठवड्यातला तेवढा एकच तास त्यांचा. बाकी दिवस त्या वाचनालयात पुस्तकांना पुठ्ठे घालत.

"त्याचं काय आहे, की..." हेडसरांनी नेहमीसारखी सुरुवात केली.

"आजोबा, नंबर लावा," पिपाणी म्हणाली.

"अगं, आजोबा काय? मला बाईंशी बोलायचंय."

"बाई दुखतायत का तुम्हाला?"

वर्गात खसखस पिकली. हेडसरांचे कान लाल झाले. चाळीस डोळे त्यांच्यावर रोखलेले. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"आ छान केलात," पिपाणी म्हणाली. "आता बोला."

पण शब्द फुटेना. मशीनपाशी उभ्या बाईंना तो चेहरा ओळखीचा होता. अकरा वर्षं असेच चेहरे पाहिलेले. हाडीमाशी मुरलेली सवय! त्यांच्या ओठांतून निसटून गेलं, "पुढच्या शुक्रवारपासून या तासाला गणित."

"पुढच्या शुक्रवारपासून या तासाला गणित!" हेडसर खणखणीत म्हणाले.

पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. इतका तगडा अडथळा वर्षभरात आला नव्हता. बाईंनी जीभ चावली. 'तास राहू दे' एवढं पुरवलं असतं, तर त्या घडीला सरांनी तेही म्हणून टाकलं असतं.

हेडसरांच्याही ते ध्यानात आलं असावं. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही दुसरं काहीतरी सांगायचंत की हो!"

"तुमचं वाक्य तेच होतं ना, सर?"

सरांनी मान खाली घातली. "वरून आलंय," म्हणत कागद मशीनवर ठेवला.

इकडे पेशंटने भोकाड पसरलं, अगदी खरंखुरं. "मग माझा दात कधी काढणार?"

बाईंनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं उरली होती.

"आत्ता," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही रांगेत बसा. खेळ सुरू असताना मधूनच जाता येत नाही."

हेडसर तिसरीच्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले. घंटा झाली तेव्हा दात निघाला होता, आणि पिपाणी कमरेवर हात ठेवून ओरडत होती, "पुढचा पेशंट! चला, चला, घाबरताय काय एवढे?"