झुकलेलं जाड अक्षर

कराडात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. संगणकात अक्षरांचे ढीगभर नमुने आहेत, पण माझा जीव एकावरच. जाड, उजवीकडे झुकलेलं, टोकांना बारीक पाय फुटलेलं. खांब भक्कम, वळणं मात्र नाजूक. पानभर वाचायला दिलं तर डोळे दुखतील. ते दोन शब्दांचं, लांबून बघायचं अक्षर. कुणाला त्यात वेग दिसेल. मला मान झुकवून उभा राहिलेला माणूस दिसायचा, म्हणून 'भावपूर्ण श्रद्धांजली'खालचं नाव मी कायम त्यातच टाकायचो.

गेल्या वर्षी पाटणजवळच्या गावातली एक मुलगी आली. वडिलांच्या हृदयाचं ऑपरेशन सांगलीला झालं होतं, ते घरी येणार होते. दारात स्वागताचा बोर्ड हवा होता. मी मोठा फोटो घेतला, वर 'सुस्वागतम्', आणि नाव हौसेनं माझ्या लाडक्या अक्षरात. ठरल्या दिवशी जाऊन बांबूच्या चौकटीवर स्वतः ठोकला.

तेवढ्यात ओवाळून टाकायचा भाकरतुकडा घेऊन तिची आई बाहेर आली. वर बघितलं आणि तिचा चेहराच उतरला.

"दादा, ह्ये उतरवा."

"का? चांगला झालाय की."

"उतरवा म्हंते न्हवं!"

मला रागच आला. सकाळपासून उपाशीपोटी राबत होतो. "वहिनी, वाचून तरी बघा. स्वागत लिहिलंय."

"मला वाचाय येत न्हाई," ती म्हणाली. "पर ही वाकडी जाड अक्षरं वळकते मी. मामंजींच्या फोटूखाली हीच व्हती. दिराच्या बी. कुठं दिसली की मी हात जोडते. त्यास्नी ह्ये दाखवू नगासा."

ते दोन्ही बोर्ड माझ्याच दुकानातले होते.

मुलीचा फोन वाजला. गाडीनं मल्हारपेठ सोडलं होतं, म्हणजे आता पोचलीच. पक्कड दुकानात राहिलेली, खिळे हातानं निघेनात. "काका, लवकर," मुलगी रडायच्या बेतात. छातीची जखम अजून ओली असलेला माणूस आणि दारात हा बोर्ड! घाबरलो होतो मी, सरळ सांगतो.

शेवटचा खिळा निघाला आणि गाडी दारात वळली. अर्धवट गुंडाळलेला बोर्ड माझ्या हातातच होता. ते छातीवर हात धरून सावकाश उतरले, ओवाळून घेतलं आणि थेट माझ्याकडे आले.

"बघू."

उलगडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते बराच वेळ आपलं नाव बघत राहिले. बायकोनं पदर तोंडात धरला होता.

"आमच्या आबांच्या फोटूखालचंच अक्षर हाय की ह्ये," ते म्हणाले. "लय घाई केलीस गड्या."

कुणीच हसलं नाही.

"फाडू नगं. जपून ठेव. लागंल कवातरी."

आता ते ठणठणीत आहेत. बाजारात दिसले की मिशीतल्या मिशीत हसत विचारतात, "हाय न्हवं जपून?"

"हाय की," मी म्हणतो.

त्या दिवशी परत येताना, रस्त्याकडेला गाडी थांबवून, मी त्या बोर्डाच्या चिंध्या केल्या होत्या.