मोठा वाटा कुठला?

"पोरीला इचारा," असं मावशी म्हणायची आणि मांडीवरच्या सात महिन्यांच्या नातीचं तोंड मासळीच्या फळीकडे वळवायची. झालं, सौदा मिटला.

मावशी दांडीची कोळीण. बोईसरच्या बाजारात माझ्या मसाल्याच्या दुकानासमोर बसायची. मी तिला मावशी म्हणायचो, ती मला शेट म्हणायची, आणि माझ्या दुकानाकडे बघून ते म्हणताना तिला हसू आवरायचं नाही. तिच्याकडे मासळी वजनावर नव्हे, वाट्यावर. फळीवर ढीग मांडायचे, गिऱ्हाइकाने बोट दाखवायचं, उचलायचं. आता आपल्या हातातला वाटा शेजारणीच्या वाट्यापेक्षा लहान दिसतोच, हे तुम्हाला काय सांगायचं! कॉलनीतल्या बाई नाक मुरडायच्या, कारखान्यातला कामगार कुरकुरायचा, "अम्मा, ये वाला छोटा है."

मावशी वाद घालायची नाही. आधी एका बाजूला सहा बोंबील, दुसऱ्या बाजूला बारा. पोरीची नजर बाराच्या ढिगावर जाऊन अशी चिकटायची, की माशीसुद्धा लाजून उठावी. "पटलं? आता तुमचे दोन वाटे दाखवते." त्या दोन वाट्यांवरून पोरीची नजर इकडून तिकडे फिरायची, मग ती मूठ तोंडात घालायची. "सारके हायत. न्या आता."

गिऱ्हाईक मुकाट पिशवी पुढे करायचं. अहो, तराजूशी भांडता येतं, दात नसलेल्या न्यायाधीशाशी कसं भांडणार?

मी मात्र पक्का वाणी. दुपारी गर्दी ओसरली की तिच्याच बोंबलांवर मी पोरीची परीक्षा घ्यायचो. आठ-सोळा, बरोबर. पाच-दहा, बरोबर. नऊ आणि दहा मांडले, तर पोर माझ्या मिशीकडे बघत बसली.

"मावशी, हिला दुपटीचा फरक कळतो. एकाचा नाही कळत."

"हळू बोला, शेट."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मावशीच्या वाट्यांत फरक असायचा तो नेमका एकाचाच.

पण हा सगळा खेळ धंद्यासाठी नव्हता. दांडीच्या आळीत बायका कुजबुजत होत्या, पोर मंद आहे म्हणून. हाक मारली तरी बघत नाही, खुळखुळा वाजवला तरी ढिम्म. सून सकाळीच कारखान्यात पॅकिंगला जायची, जाताना डोळे पुसायची. "पालघरला डाक्टरला दाखवू," ती म्हणे. मावशी म्हणे, "नको. एकदा कागदावर खुळी लिवलं का जनमभर खुळी." आणि पोर मंद नाही हे अख्ख्या बाजाराला रोज पटवून द्यायला ती तिला मांडीवर घेऊन बसायची.

बाजाराला तर पोरीचं कौतुकच. आमच्या बाजारात एवढा गोंगाट, की मेलेला मासाही कंटाळून उठून जाईल. त्यात ही एवढीशी बाई शांत! शेजारच्या कोळणी भांडताहेत, टेम्पो हॉर्न मारतोय, ही झोपलेली. आम्ही म्हणायचो, बाजाराचंच लेकरू, बाजारात रमलंय. पन्नास माणसं रोज बघत होतो आणि एकालाही काही उमगलं नाही.

एकदा मावशीने पोरीच्या देखत फळीवर एक पापलेट ठेवलं, वर केळीचं पान झाकलं. पानाखाली अजून एक सरकवलं. मग हळूच एक काढून पदराआड लपवलं आणि पान उचललं. खाली एकच! पोरीने डोळे फाडले. पापलेटाकडे बघत राहिली, बघत राहिली, जसं काही उरलेल्या पापलेटानेच दुसरं खाल्लंय.

"बघा, शेट. हिला मंद म्हणतात."

मी खूश होऊन मागे सरकलो आणि माझ्याच दुकानातली रिकाम्या डब्यांची उतरंड धक्क्याने कोसळली. पत्र्याचे बावीस डबे, फरशीवर, पोरीच्या अगदी पाठीमागे. कोळणींनी माझ्या सात पिढ्या उद्धरल्या. कुत्रं पळालं ते चिंचणीपर्यंत थांबलं नसावं.

पोरीची पापणी हलली नाही. ती पापलेटच बघत होती.

मी मावशीकडे बघितलं. ती पोरीकडे बघत होती.

"मावशी," मी म्हटलं, "हिचं डोकं चांगलं आहे. कान बघायला हवेत."

तिने फळीवरचे सगळे बोंबील एकाच ढिगात लोटले. "माला ठाव व्हतं," ती म्हणाली. "चुलीवरचं झाकण पडलं तवाच. कोनाला बोलले नाय."

दुसऱ्या दिवशी सासू-सून पालघरला गेल्या, तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. फेऱ्या, तपासण्या, चिठ्ठ्या. एकाही कागदावर खुळी लिहिलं नाही. काही महिन्यांनी पोरीच्या दोन्ही कानांना दोन इवलाली मशिनं बसली. त्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, हाक मारा." जिच्या आरोळीने मनोरच्या हायवेवरचे ट्रक गिअर बदलतात, ती बाई वाकली आणि तिने नुसते ओठ हलवले.

"जरा मोठ्याने."

"नको बाय," ती कुजबुजली, "भ्येल ती."

हे सुनेने मला सांगितलं. सांगताना हसत होती.

मावशीने बाजार सोडला तो सोडलाच. फळीवर आता दुसरी बसते. तिचे वाटे कुणी तपासत नाही.

मागच्या आठवड्यात दांडीला गेलो होतो. किनाऱ्यावर बांबूंना दोऱ्या ताणून बोंबील वाळत घातलेले, हजारोंनी. त्यांच्याखालून मावशी नातीला कडेवर घेऊन चालली होती. एकेका बोंबलाला बोट लावत होती, प्रत्येकाला एकेक शब्द देत होती, अगदी सावकाश. मी हाक मारली, तर तिने मागे न बघता हात हलवून गप्प केलं.

पोर तिच्या तोंडाकडे बघत होती. मावशी मोजत मोजत सत्तेचाळीसवर आली होती.