कोपऱ्यातला हळद्या

लग्नपत्रिकेच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात, हे मला माहीत नव्हतं असं कोणी म्हणू नये. माझा जन्म अमरावतीचा, सासरही अमरावतीचंच, आणि आजवर शेकडो पत्रिकांच्या कोपऱ्यांवर ती पिवळी-लाल बोटं मी पाहिली आहेत. तरी मी पक्षी कोपऱ्यातच बसवला, कारण तिथे तो छान दिसत होता. त्या छान दिसण्याचा मला आजही संताप येतो.

पत्रिका माझ्या भाचीच्या लग्नाच्या होत्या. भाची म्हणजे अकोल्याच्या माझ्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. ताईचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. शाळेत क्लार्कची नोकरी करून ताईने एकटीने मुलगी शिकवली, स्थळही तिनेच पाहिलं, आणि लग्न ठरल्याबरोबर सगळ्यांनी मिळून तिला अलगद बाजूला केलं. तोंडावर कोणी काही बोललं नाही. आपल्याकडे हे न बोलताच करतात. मुहूर्तमेढीला थोरली जाऊ, देवकाला थोरली जाऊ, कन्यादानाला थोरले दीर आणि जाऊ. ताईने काय करायचं, तर चहा. पोटच्या पोरीच्या लग्नात तिच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: पत्रिकांवरचे पक्षी आणि हळदीच्या दिवशी नवरीने घालायचे कागदी दागिने. त्याही भाची हटून बसली म्हणून. आईनेच केलेले हवेत, नाहीतर नकोतच, असं तिने मोठ्या आईला, म्हणजे त्या थोरल्या जाऊबाईंना, स्पष्ट सांगून टाकलं होतं.

हा उद्योग आम्हा दोघींचा आधीपासूनचा. दाजी गेल्यावर ताई बोलेनाशी झाली होती, तेव्हा मी तिला पंधरा दिवस राजापेठेत माझ्या घरी आणून ठेवलं. खाली ट्यूशन क्लास, दिवसभर स्कूटींचे हॉर्न, आणि वर आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसलेल्या. एका दुपारी माझ्या मुलाच्या खोडरबरावर मी ब्लेडने चिमणी कोरली, शाईच्या पॅडवर दाबून पेपरच्या कडेला उमटवली. ताईने न बोलता मुलाची रंगपेटी ओढली आणि तिच्यात तपकिरी रंग भरला. मग म्हणाली, 'गळ्याखाली काळं पाह्यजे. नर आहे हा.' पंधरा दिवसांतलं तिचं ते पहिलं धड वाक्य. त्या दिवसापासून मी कोरते आणि ती रंगवते.

पुढे अकोल्याला तहसीलजवळ शिक्के बनवणाऱ्या एका चाचांनी आम्हाला चांगलं रबर दिलं. त्यांचा सगळा जन्म सरपंच आणि मुख्याध्यापकांचे शिक्के करण्यात गेलेला. 'बाई, इतने साल में किसी ने परिंदा नहीं मांगा,' म्हणाले, आणि रबराचे उरलेले तुकडे पिशवीत भरून दिले. आम्ही शुभेच्छापत्रं केली, जाड पुठ्ठ्याचे गोल कापून कानातले केले. वेडा राघू, खंड्या, बुलबुल, टिटवी. टिटवीचं कार्ड कोणी घेत नाही, अपशकुनी म्हणे. हे मला ताईनेच सांगितलं, आणि सांगताना ती हसली होती. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता.

पत्रिकेसाठी ताईने हळद्या निवडला. उन्हाळ्यात तिच्या अंगणातल्या कडुलिंबावर येतो, अंगभर पिवळा, पंख काळे, डोळ्यात काजळ घातल्यासारखी रेघ. मी जोडी कोरली. पहिल्या खेपेला चूक झाली. शिक्क्यात सगळं उलटं उमटतं हे माहीत असूनही विसरले, आणि दोघं पत्रिकेकडे पाठ फिरवून बसले. पुन्हा कोरली. दीडशे पत्रिका. नोकरी सांभाळून ताई महिनाभर रोज संध्याकाळी रंगवत बसायची. एका पिवळ्यावर तिचं भागेना. आधी फिका हात, तो वाळला की पोटाशी दाट, मग शेपटीला किंचित हिरवट. भाची सांगायची, आई गुणगुणते आहे.

ताईने मला दोनदा विचारलं, वरून वार्निशचा हात मारायचा का. आम्ही कानातल्यांना मारतो, घामाने रंग जाऊ नये म्हणून. मी नाही म्हटलं. वार्निशने कागद कॅलेंडरसारखा चकाकतो, जलरंगाचा मऊपणा मरतो, असं बरंच काही मी तिला ऐकवलं. मी कलाकार ना.

मधेच एकदा जाऊबाई कामासाठी आल्या आणि ताईची पिवळी बोटं पाहून दारातच थबकल्या. 'हळदीले हात लावला काय व?' ताईने घाईघाईने रंगाची डबी दाखवली. हे मला भाचीने फोनवर सांगितलं तेव्हा मी इतकी भडकले की गॅसवरचं दूध उतू गेलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बोटांचा खुलासा द्यायचा!

मग पत्रिकांना हळदकुंकू लावायचा दिवस आला. पाच सवाशिणी जाऊबाईंच्या हॉलमध्ये जमणार होत्या, त्यांतली एक मी. माझी बस मूर्तिजापूरला अडकली आणि मी पोचेपर्यंत चौघींनी अर्ध्याअधिक पत्रिका उरकल्या होत्या. वाटीत पाण्यात कालवलेली हळद, शेजारी कुंकू, आणि ओली बोटं न बघता सटासट कोपऱ्यांवर. प्रत्येक पत्रिकेच्या डाव्या कोपऱ्यात माझी जोडी बसलेली. शाई पक्की होती, म्हणून काळ्या रेघा जागच्या जागी. रंग मात्र ओघळून खाली गेला होता, त्यात कुंकू मिसळलं होतं. महिनाभराचं काम सतरंजीवर पसरलं होतं आणि जखमी दिसत होतं.

जाऊबाईंनी एक पत्रिका उचलून सगळ्यांना दाखवली. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. 'मी तं पहिलेच म्हनलं होतं. जिचा हात लागाले नको, तिचाच लावला. आता पाहा.' बाकीच्या तिघींनी माना हलवल्या. एक जण नोकरीवाली, चांगली शिकलेली. पाणी लागलं की जलरंग फुटतो हे पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं, आणि तिथे एकीलाही ते सुचलं नाही.

मी भांडखोर आहे. रिक्षावाल्याशी भांडते, मुलाच्या शाळेत भांडते, नळाच्या पाण्यावरून अख्ख्या बिल्डिंगशी भांडले आहे. त्या दिवशी एकच वाक्य बोलायचं होतं: वार्निश नको असं मी सांगितलं, चूक माझी आहे. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. भाचीने हात दाबला, आता नको म्हणून, हे खरं. पण ते कारण मी नंतर शोधलं. मला लाज वाटली, एवढंच. त्या चौघींपैकी दोघी माझ्याकडे कार्डं मागायच्या, मला आर्टिस्ट म्हणायच्या. माझं काम कच्चं निघालं हे त्यांच्यासमोर कबूल करण्यापेक्षा बहिणीचा हात अशुभ ठरलेला मला चालला.

आत ओट्याशी ताई चहा गाळत होती. तिने सगळं ऐकलं होतं. रंग माझ्यामुळे फुटला, असं मी तिला म्हटलं. तिने गाळणी आपटून चोथा काढला. 'मले काय समजत नाही काय? चूप राय आता. पोरीचं लगन आहे.' म्हणजे ती मला वाचवत होती. मला त्याचाही राग आला. दुसऱ्या दिवशी प्रेसमध्ये छापलेल्या पत्रिका आल्या आणि आमच्या पत्रिका गठ्ठा बांधून माळ्यावर गेल्या.

दागिने तेवढे राहिले होते. कानातले, बिंदी, हातातले, सगळ्यांवर एकेक इवलासा हळद्या. या खेपेला ताईने मला न विचारता वार्निशचे तीन हात दिले. मी तिला फोन करून बजावलं, हळदीच्या दिवशी पहिली हळद तूच लावायची, कोण अडवतं ते मी बघते. ती म्हणाली, 'अन् उद्या तिच्या संसारात काही झालं तं? लोक म्हनतीन ते सोड. मीच मले म्हनीन.'

मी तिच्यावर ओरडले. शाळेत रजिस्टर सांभाळतेस, बँकेत साहेबाशी वाद घालतेस आणि हे असलं मानतेस? ती म्हणाली, मानत नाही. पण भीती वाटते. फोन ठेवल्यावर मी घरात येरझारा घालत राहिले. जाऊबाईंना मी शिव्या देऊ शकत होते. या भीतीला कोणाच्या नावाने शिव्या देणार?

हळदीच्या दिवशी भाची पिवळी साडी नेसून पाटावर बसली आणि मांडवातल्या बायकांची नजर तिच्या कानांवरच. इतकं नाजूक काम कुठून केलं, अमरावतीहून आणलं का, आम्हालाही पाहिजेत. जाऊबाई हळदीची वाटी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कानातल्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. ताई तिथे चौकटीला धरून उभी होती. त्यांनी सरळ विचारलं, 'हे कोनं केलं?' उत्तर त्यांना माहीत होतं. ताईचं नाव निघालं असतं तर दागिने तिथेच उतरले असते.

'माह्या बहिणीनं,' ताई म्हणाली. 'सारं तिनंच केलं. मी तं हातही नाही लावला.'

सगळ्या माझ्याकडे वळल्या. एकीने माझी बोटं हातात घेतली, म्हणाली, काय कला आहे बाई तुमच्या हातात. मी मान डोलावली. जाऊबाईंचा चेहरा सैल झाला. 'मावशीचा हात शुभ,' म्हणत त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. पहिली हळद मी लावावी, असं त्यांनीच ठरवलं.

मी पाटासमोर बसले. भाची माझ्याकडे बघत होती, हसत नव्हती. मी गालाला हळद लावायला वाकले तेव्हा ती फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाली, 'मावशी, आता तं खरं सांग.'

दारात ताईने मान हलवून मला नको म्हटलं. मी भाचीच्या दोन्ही गालांना हळद लावली आणि उठले.