किलोमागं ऐंशी ग्रॅम

राजम्माक्का ओव्हनचं दार एकटीनं कधी उघडायची नाही. आधी मोठ्यानं हाक मारायची, "कोन हाय का हितं? या की, बघा!" कोणीतरी येऊन उभं राहिल्याशिवाय ती हँडलला हात लावायची नाही. मला हे पहिल्या दिवसापासून खटकलं. ज्याच्या मनात काही नाही त्याला साक्षीदार कशाला लागतो? माझा स्वभावच तसा. भाजीवाल्यानं आपणहून दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी मी सगळी भाजी उलटीपालटी करून बघतो. अशा माणसाला कारखान्यानं स्टोअरकीपर केलं होतं.

आमचा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत, आयुर्वेदिक औषधांचा. भांगेच्या पानांचा अर्क आमच्याकडे सरकारी परवान्यावर यायचा, त्यामुळे ग्रॅमाग्रॅमाची जबाबदारी माझ्या डोक्यावर. पूर्वी हा अर्क तापवलेलाच यायचा. मग आम्ही कच्चा मागवायला लागलो. कच्च्या अर्कात औषधाचा गुण दबलेला असतो, तो बेतानं तापवल्यावर जागा होतो, एवढं केमिस्ट मॅडमनी मला सांगितलं होतं. तेवढं सांगून त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि तापवायचं काम राजम्माक्काकडे आलं.

ती कुंभारीच्या कामगार वसाहतीतून यायची. घरात तेलुगू, बाहेर आपलं सोलापुरी मराठी. आमच्याकडे येण्याआधी तीस वर्षं तिनं विड्या वळल्या होत्या. कुठल्याही पानाला नुसता अंगठा लावून म्हणायची, "ओलं हाय हे, घेऊ नको." आणि खरंच ओलं निघायचं. ओव्हनवरचा आकडा ती बघायची, पण भरवसा सगळा काचेतून दिसणाऱ्या फेसावर. "बुडबुडे येलालेत तवर हलायचं न्हाई. थांबले की माल झाला."

"अक्का, मग घड्याळ कशाला दिलंय?"

"घड्याळाला काय कळतंय? ओव्हन बंद असला तरी फिरतंयच की ते!"

साक्षीदारांचं मी एकदा विचारलं. ती हसत म्हणाली, "विडी कारखान्याच्या शाखेत रोज आमची झडती घ्यायचे बे. तंबाखू लपवलीस म्हनायचे. तवापासून मी एकटी कशाला हात लावत न्हाई." दुसरा कोणी असता तर त्याला वाईट वाटलं असतं. मी मनात म्हटलं, बघा, बाईवर जुनाच संशय आहे.

पहिल्या खेपेला किलोभर अर्क ट्रेमध्ये गेला आणि बाहेर आला तो नऊशे वीस ग्रॅम. मी काटा तपासला. ट्रे खरवडून घेतला. दुसऱ्या खेपेलाही ऐंशी ग्रॅम कमी, तिसऱ्या खेपेला ब्याऐंशी. दर वेळी जवळजवळ तेवढंच! काय हिशेबी बाई आहे, असं मला वाटलं. इतकी एकसारखी चोरी कोणी करतं का, हा साधा प्रश्न माझ्या मनात आला नाही.

त्यात मला एक जुनी गोष्ट आठवली. तिचा नवरा यंत्रमागावर काम करून कंबरेनं कायमचा आडवा झाला होता. एकदा तिनं मला विचारलं होतं, "हे औषध दुखन्यावर चालतंय म्हनतेत, व्हय रे? आमच्या घरच्यांला चालंल का?" झालं! मी गणित जुळवून मोकळा झालो.

मी गेटवरच्या बाईला सांगून तिची झडती घ्यायला लावली. तिच्या डब्याच्या तळाशी काळपट तेलकट डाग होता. तो डबा मी स्वतः नाकाला लावला. शेंगाचटणीचा वास आला.

"काय हुंगलालास? खा की! लई तिखट हाय," ती म्हणाली. या वेळी ती हसत नव्हती.

डब्यात काही सापडलं नाही तरी मी मॅनेजरांना तिचं नाव दिलं. चौकशी होईपर्यंत तिला घरी बसायला सांगितलं गेलं. तिनं अ‍ॅप्रन काढला, नीट घडी करून माझ्या टेबलावर ठेवला. "मी न्हाई घेतलं," ती एकदाच म्हणाली.

"मग गेलं कुठं?"

"ते तू बघ. काटा तुज्याकडं हाय."

पुढची खेप मी स्वतः तापवली. ओव्हनला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. चहालाही उठलो नाही. काचेतून ते बारीक बारीक बुडबुडे येत राहिले, थांबले. कुलूप काढलं, थंड होऊ दिलं, वजन केलं. नऊशे अठरा. पुन्हा केलं. चार वेळा केलं. मॅडमना घरी फोन लावला. पाळण्यातलं बाळ रडत होतं आणि मॅडम हसत होत्या.

"अहो, तापवल्यावर त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. बुडबुडे कसले वाटले तुम्हाला? तेवढं वजन हवेत जातं. कमी भरलं नाही तर समजायचं, अर्क नीट तापलाच नाही."

म्हणजे ज्या ऐंशी ग्रॅमसाठी मी तिला चोर ठरवलं, तेच तिनं काम चोख केल्याचं प्रमाणपत्र होतं. त्याच दिवशी तिला कामावर परत बोलावणारी मॅनेजरांची चिठ्ठी घेऊन मी कुंभारीला गेलो. दोन खोल्यांचं घर. नवरा भिंतीकडे तोंड करून पडलेला. कूस बदलताना तो असा कण्हला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. राजम्माक्का पुन्हा सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. मी सगळं सांगितलं. वायू, वजन, मॅडम, माझी चूक. हात जोडून म्हणालो, "अक्का, उद्यापासून या."

तिचा हात थांबला नाही. "तू सोता तापवलास?"

"हो."

"तुजं पन कमी भरलं?"

"भरलं. ब्याऐंशी ग्रॅम."

"मग तुजी झडती कोन घेतलं?"

मी म्हणालो, "कुणीच नाही."

तिनं विडीचं तोंड नखानं दाबून बंद केलं, ती सुपात टाकली आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "का रे?"

उत्तर मला येत होतं, आणि तिलाही. मी चिठ्ठी तिच्या सुपाशेजारी ठेवली आणि उठलो. राजम्माक्का काही परत कामावर आली नाही.