तांबडीच्या वासराची आंघोळ

मी एका वासराला कार्बोलिक साबणानं आंघोळ घातलेली आहे. तीही ते जन्मून पाव तास झालेला असताना.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी मी मॅट्रिक झालो आणि दोन्ही घटना मला सारख्याच महत्त्वाच्या वाटत. मग यवतमाळला शेतकी शाळेत गेलो. तिथून दिवाळीला राळेगावकडच्या आमच्या गावी आलो, तो नवजात वासरांच्या निगेवरचं चार पानी पत्रक खिशात घेऊनच. घरची तांबडी गाय व्यायला टेकली होती. यंदाचं बाळंतपण शास्त्रानं होईल, असं मी वहिनीला बजावलं.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, आजपर्यंत किती गाईंचं केलं तुमी?"

प्रश्न संख्येचा नाही, तत्त्वाचा आहे, असं मी सुनावलं. (संख्या शून्य होती.)

सकाळी वासरू झालं. तांबडी जीभ काढून त्याच्याकडे वळली आणि माझ्या अंगात पत्रक संचारलं. पहिल्याच पानावर जाड टायपात होतं, 'स्वच्छता'! असली जीभ एका नवजात नागरिकाच्या अंगावरून फिरणार? मी जिवंत असताना? वासरू उचलून न्हाणीत नेलं, साबण लावून दोनदा धुतलं, माझ्या टॉवेलनं पुसलं. गाईखाली पसरलेलं कुटार, म्हणजे भुसा, बाळंतपणाच्या पाण्यानं बुळबुळीत झालं होतं, ते उकिरड्यावर फेकलं. मग जमलेल्या बायांना अज्ञानावर भाषण दिलं. त्यांत बंजारा तांड्यावरची सोमलीयाडी होती; याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आमच्या गोठ्यातली सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. तिला मी 'रूढीची गुलाम' म्हणालो. ती पदर सावरून निघून गेली.

वासरू गाईपुढे ठेवलं. तांबडीनं हुंगलं, फुरफुरली आणि लाथ मारली. आचळाशी धरलं, पुन्हा लाथ. वहिनी धार काढायला बसली, तर थेंब नाही. दुपार झाली. वासराला मान धरवेना. पहिला चीक पोटात गेला नाही तर ते जगणार नव्हतं. हे पत्रकातच होतं, तिसऱ्या पानावर. त्याच्या वरची ओळ अशी : वासरू गाईला चाटू द्यावे, वासावरून ती ते ओळखते. तिथवर मी वाचलंच नव्हतं. मला पहिल्या पानावरच स्फुरण चढलं होतं.

वहिनी रागावली नाही. वासराचं डोकं मांडीवर घेऊन नुसती बसली. त्यापेक्षा शिव्या बऱ्या होत्या.

मी तांड्यावर पळालो, याडीचे पाय धरले. ती आली. तिनं वासरू हुंगलं, मग मला.

"कुटार कुठं फेकलं?"

"उकिरड्यावर."

"आन. अन् चोळ त्याले. पोटाले, पाठीले, शेपटीले. हातानं."

सकाळी भाषण ऐकलेल्या त्याच बाया बघत होत्या. मी उकिरड्यावर चढलो, ते कुटार कवटाळून आणलं आणि कोपरापर्यंत माखून वासराला चोळलं. याडीनं वरून मीठ भुरभुरलं. तांबडीनं हुंगलं. थांबली. आणि चाटू लागली. वासराची पाठ, वासराचं तोंड, मग माझा हात, माझी मान. पान्हा सुटला होता, वासरू धडपडत उभं राहून चीक पीत होतं, म्हणून मी श्वाससुद्धा बेतानं घेत होतो.

वहिनीनं विचारलं, "याडी, भाऊजीले काहून चाटून राह्यली ते?"

"जुळं समजली असंल," याडी म्हणाली. "एक उभं राह्यलं. दुसऱ्याले येळ लागंल."

मी मान वळवून दिली. डावा कान चाटायचा राहिला होता.