चौकटीतलं भोक

तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मावशींच्या दाराच्या चौकटीला एक भोक आहे. परवा जिना चढताना दिसलं, त्यात त्यांनी जुन्या साडीची चिंधी कोंबली आहे.

इंटरनेटवाल्याची डबी पूर्वी त्यांच्या घरात होती. त्या भोकातून वायरी निघायच्या आणि गच्च्यांवरून साऱ्या गल्लीत पसरायच्या. मावशींकडे ना संगणक, ना तसला फोन. पण डबीचा प्लग त्यांच्या भिंतीत, म्हणून नेट गेलं की आम्ही त्यांचीच बेल वाजवायचो.

"मावशी, ते बटण जरा बंद करून चालू करता का?"

त्या करायच्या. हिरवे दिवे लागले की दाराशी येऊन सांगायच्या. "चहा टाकते," म्हणेपर्यंत आम्ही जिन्यात असायचो. परदेशातल्या लेकीशी माझं बोलणं, कुणाची मीटिंग, कुणाची परीक्षा, सगळं त्यांच्या घरातून जायचं. आत जाऊन बसलं मात्र कुणी नाही. मीही नाही.

आता डबी गच्चीवर गेली आहे, बॅटरीसकट. नेट सहसा जात नाही.

परवा माझी पावलं ऐकून मावशींनी दार उघडलं.

"हल्ली नेट जात नाही वाटतं?"

"नाही जात, मावशी."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मी हसून वर निघालो. चौथ्या मजल्यावर पोचलो, कुलूप काढलं, तरी खाली दार लावल्याचा आवाज आला नव्हता.